पाचव्या पिकवर भांडण, सेहेचाळिसाव्यावर चिडीचूप

एप्रिलच्या अखेरीस एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा, ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची निवड) असतो आणि त्याच्या महिनाभर आधीपासून प्रत्येक टीमचे चाहते एकाच प्रश्नावर हमरीतुमरीवर येतात. टीममध्ये जिथे भगदाड आहे तिथला खेळाडू घ्यायचा, की आपली पाळी येईल तेव्हा जो सगळ्यांत चांगला उरला असेल त्याला उचलायचा? या वादाचं अलीकडचं गाजलेलं उदाहरण म्हणजे २०२१ साली सिनसिनाटी बेंगल्सकडे असलेला पाचवा पिक, म्हणजे निवडीची पाचवी पाळी. रिसीव्हर (चेंडू झेलणारा) जामार चेस घ्यायचा की टॅकल (चेंडू फेकणाऱ्याला वाचवणारा) पेने सूएल? ओहायोत राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींतही गणपतीच्या जेवणावर, म्हणजे सीझन नुकताच सुरू झालेला असताना, हा विषय निघाला की अजून दोन तट पडतात आणि मोदक गार होतात. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. चेसला घेण्याचा निर्णय बरोबर होता. पण तो पुढे स्टार झाला म्हणून बरोबर ठरत नाही, आणि क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला, पुढे मार बसला म्हणून चूकही ठरत नाही. बेंगल्सची लाइन, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवणारी पाच जणांची फळी, पाचव्या पिकवर बिघडलेलीच नाही. ती जिथे बिघडली त्याबद्दल दोन्ही तट चकार शब्द काढत नाहीत.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. आयपीएलच्या लिलावात पैसे असतील तर कोणीही कोणावरही बोली लावू शकतो. इथे कॉलेजमधून येणारा खेळाडू आपली टीम निवडू शकत नाही. आदल्या वर्षी ज्या टीमची कामगिरी सगळ्यांत वाईट तिला पहिली संधी, आणि अशा क्रमाने ३२ टीम सात राउंड निवड करतात. करार चार वर्षांचा. पहिल्या राउंडमधल्या खेळाडूला आणखी एक वर्ष ठेवून घेण्याचा हक्क टीमकडे असतो. पगार किती, तेही कितव्या नंबरवर निवड झाली त्यावरून जवळजवळ ठरलेलं असतं. हा नियम २०११ साली आला. त्याच्या आदल्या वर्षी पहिल्या नंबरवर निवडलेल्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांचा ७ कोटी ८० लाख डॉलरचा करार मिळाला होता. नियम आल्यावर त्याच पहिल्या नंबरवरच्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे सुमारे २ कोटी २० लाख मिळाले. सॅलरी कॅपच्या (टीमच्या एकूण पगारखर्चावरच्या मर्यादेच्या) जमान्यात ड्राफ्टचं खरं महत्त्व इथे आहे. अव्वल दर्जाचा माणूस चार-पाच वर्षं बाजारभावाच्या कितीतरी खाली मिळण्याची ही एकमेव जागा आहे.

आता २०२१ कडे वळू. आदल्या नोव्हेंबरात वॉशिंग्टनविरुद्ध खेळताना जो बरोचा गुडघा निकामी झाला. तो २०२० चा पहिल्या नंबरचा पिक, सिनसिनाटीचा तारणहार म्हणून आलेला क्वार्टरबॅक. सीझन ४ विजय, ११ पराभव आणि एका बरोबरीवर संपला. सूएल ऑरेगॉनचा, विशीतला, देशातला सर्वोत्तम लाइनमन म्हणून आउटलँड ट्रॉफी मिळवलेला. चेस लुइझियाना स्टेटचा, २०१९ च्या सीझनमध्ये बरोच्या सोबतीने कॉलेजचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलेला. टीमकडे टायलर बॉइड आणि टी हिगिन्स हे दोन चांगले रिसीव्हर आधीच होते. तेव्हा चाहत्यांचं म्हणणं होतं की आधी पोराचा गुडघा सांभाळा, चेंडू झेलणारे नंतर बघू. हे म्हणणं मुळीच बावळटपणाचं नव्हतं. ज्याच्यावर पुढची दहा-पंधरा वर्षं अवलंबून आहेत त्याला व्हीलकार्टवरून बाहेर जाताना ज्यांनी पाहिलं, त्यांना ‘सर्वोत्तम उपलब्ध खेळाडू’ वगैरे तत्त्वज्ञान सुचेल कसं?

बेंगल्सने चेसला घेतलं. मग जे घडलं ते दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीने पुरलं. चेसने पहिल्याच सीझनला १,४५५ यार्ड काढून रुकींचा (पहिल्या वर्षाच्या खेळाडूंचा) आधुनिक काळातला विक्रम केला. कॅन्सस सिटी चीफ्सविरुद्ध एकाच मॅचमध्ये २६६ यार्ड काढले. प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेरीत) बेंगल्सने ३१ वर्षांत पहिली मॅच जिंकली आणि थेट सुपर बोल, म्हणजे लीगची अंतिम मॅच, गाठला. चेसवाले इथे थांबतात. सूएलवाले पुढचं वाचून दाखवतात. बरोला त्या सीझनला ५१ सॅक बसले, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच तितक्या वेळा त्याला पाडलं गेलं, लीगमध्ये सगळ्यांत जास्त. टेनेसीविरुद्धच्या प्लेऑफ मॅचमध्ये नऊ, सुपर बोलमध्ये सात. त्या सुपर बोलचा शेवटचा डाव पुन्हा पाहावा असा आहे. रॅम्स २३, बेंगल्स २०. चौथा डाउन म्हणजे शेवटचा प्रयत्न, एक यार्ड हवा, चेंडू मैदानाच्या मध्याजवळ, मिनिटभरही उरलेलं नाही. बरोने चेंडू घेतला आणि रॅम्सचा बचावपटू आरन डॉनल्ड लाइनच्या मधून घुसला. त्याने बरोला कमरेपाशी धरून गरकन फिरवलं, पडता पडता बरोने चेंडू कसाबसा भिरकावला आणि तो कोणाच्याच हाती लागला नाही. त्याच क्षणी पुढे चेस रॅम्सच्या जेलन रॅम्झीला मागे टाकून मोकळा पळत होता. एकाच फ्रेममध्ये दोन्ही तटांचा पुरावा! एक म्हणतो, बघा, लाइन असती तर. दुसरा म्हणतो, बघा, चेस मोकळा होता. गेली कित्येक वर्षं हीच फ्रेम थांबवून भांडण चालू आहे.

पण त्या फ्रेममध्ये डॉनल्ड आला कुठून? आतून, गार्डच्या अंगावरून. सूएल गार्ड नाही, टॅकल आहे, तो कडेला खेळतो. तो टीममध्ये असता तरी या डावात ती वाट त्याच्या अखत्यारीबाहेर होती. अर्थात उलट बाजूही मान्य करायला हवी. उजवा टॅकल रायली रीफ डिसेंबरमध्ये जखमी होऊन बाहेर गेला होता आणि सुपर बोलमध्ये त्या जागी राखीव माणूस खेळत होता. सूएल असता तर त्या कडेचे एक-दोन सॅक नक्की वाचले असते, आणि तीन गुणांनी हरलेल्या मॅचमध्ये तेवढंही पुष्कळ. तरीही लाइन पाच जणांची असते आणि तिची ताकद पाचांतल्या सगळ्यांत कच्च्या माणसावरून ठरते, कारण समोरचा संघ त्याच माणसाला शोधून काढतो. चार जणांनी आपलं काम चोख केलं आणि पाचवा उलथला तरी क्वार्टरबॅक आडवाच होतो. रिसीव्हरचं गणित उलटं. एक असामान्य रिसीव्हर असला की त्याच्यावर दोघांना ठेवावं लागतं आणि बाकीच्यांना आपोआप मोकळीक मिळते. म्हणून ज्या लाइनमध्ये तीन-चार जागा ढिल्या आहेत तिथे एक मोठा मासा आणून भागत नाही. तिथे तीन-चार बऱ्यापैकी माणसं लागतात, आणि ती पाचव्या नंबरवर मिळत नाहीत, मार्चमध्ये फ्री एजन्सीत (करार संपलेल्या खेळाडूंच्या खुल्या बाजारात) आणि ड्राफ्टच्या मधल्या राउंडांत मिळतात.

सूएलचंच पुढे काय झालं पाहा. दोन नंबरांनंतर त्याला डेट्रॉइट लायन्सने उचललं. तो ऑल-प्रो झाला, म्हणजे लीगच्या त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूंत निवडला गेला, लायन्सची लाइन लीगमध्ये नावाजली गेली, आणि सूएलवाले हेच उदाहरण आपल्या तोंडावर फेकतात. पण त्या एप्रिलमध्ये लायन्सची गरज काय होती? रिसीव्हर! केनी गोलाडे आणि मार्विन जोन्स दोघेही महिनाभर आधी टीम सोडून गेले होते. चेंडू झेलायला धड माणूस नव्हता आणि त्यांनी घेतला टॅकल. तोही अशा लाइनमध्ये, जिथे टेलर डेकर आणि फ्रँक रॅग्नो हे पहिल्या राउंडमधले दोघे आधीच पाय रोवून उभे होते. आणि रिसीव्हर? तो त्यांना चौथ्या राउंडमध्ये ११२ व्या नंबरवर मिळाला. आमन-रा सेंट ब्राउन. तोही ऑल-प्रो झाला. म्हणजे दोन्ही टीमनी पहिल्या राउंडमध्ये आपल्या गरजेकडे पाठ फिरवली आणि दोघींनाही पहिल्या दर्जाचा माणूस मिळाला. फरक पडला तो गरज भागवण्याच्या नंतरच्या प्रयत्नात. लायन्सना हवा तो माणूस ११२ वर सापडला. बेंगल्सने ३८ व्या नंबरवरून न्यू इंग्लंडशी सौदा करून खाली जाऊन ४६ वर लाइनमन घेतला, जॅक्सन कारमन. त्याला त्या लाइनमध्ये कधी पक्की जागा मिळवता आली नाही.

आणि ४६ नंतर १६ जणांची निवड झाल्यावर, ६३ व्या नंबरवर चीफ्सनी क्रीड हम्फ्री नावाचा सेंटर, म्हणजे लाइनच्या मधोमध खेळणारा, घेतला. आज तो लीगमधल्या सर्वोत्तम सेंटरांत गणला जातो. बेंगल्सच्या वादात त्याचं नाव मी जवळजवळ कधीच ऐकलेलं नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, दुसरं काय.

चीफ्सची गोष्ट तर या सगळ्या वादावर उताराच आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत सुपर बोलमध्ये टॅम्पा बेने त्यांना ३१-९ असं धुतलं होतं. दोन्ही मुख्य टॅकल जखमी, आणि पॅट्रिक महोम्स अख्खी मॅच जीव मुठीत धरून पळत होता. लाइनची गरज त्यांना बेंगल्सपेक्षा कमी नव्हती. त्यांनी काय केलं? मार्चमध्ये दोन्ही जखमी टॅकलना करारातून मोकळं केलं, पैसे मोजून गार्ड जो थूनीला आणलं, ड्राफ्टच्या आधी पहिल्या राउंडचा पिक बॉल्टिमोरला देऊन ऑर्लँडो ब्राउन घेतला, दुसऱ्या राउंडमध्ये हम्फ्री, आणि सहाव्या राउंडमध्ये, २२६ व्या नंबरवर, ट्रे स्मिथ. पहिल्या राउंडचा पिक त्यांनीही लाइनवरच खर्च केला हे खरं, पण तो सिद्ध झालेल्या माणसासाठी, कोणाच्या तरी भविष्यावर जुगार म्हणून नाही. दोन वर्षांनी त्यांच्यासमोर सुपर बोलमध्ये फिलाडेल्फिया ईगल्स आले. त्या सीझनमध्ये ईगल्सनी ७० सॅक केले होते. त्या मॅचमध्ये महोम्सला एकही सॅक बसला नाही आणि चीफ्स ३८-३५ जिंकले. लाइन बांधणं हे वर्षभराचं, पाच-सहा निर्णयांचं काम असतं. गुरुवारी रात्री टीव्हीवर एक नाव पुकारून ते उरकत नाही.

आता विरुद्ध बाजूची सगळ्यांत भक्कम उदाहरणं. पहिलं, योगायोगाने, लायन्सचंच. त्यांनी २००३, २००४ आणि २००५ अशी ओळीने तीन वर्षं पहिल्या राउंडमध्ये रिसीव्हर घेतले: चार्ल्स रॉजर्स, रॉय विल्यम्स, माइक विल्यम्स. तिसऱ्याला दहाव्या नंबरवर घेतलं आणि अकराव्यावर डॅलसने डिमार्कस वेअरला उचललं. वेअर पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. लायन्स २००८ मध्ये सोळाच्या सोळा मॅच हरले. ‘सर्वोत्तम उपलब्ध’ या मंत्राचा याहून मोठा पराभव कुठे सापडेल? मी हा मुद्दा मान्य करतो, पण त्यातून निघतो तो निष्कर्ष वेगळा आहे. तिसऱ्या रिसीव्हरची किंमत पहिल्याइतकी नसते, कारण चेंडू एकच असतो. म्हणजे गरजेचा विचार करायचा तो कुठे भरताड झालंय हे ओळखण्यापुरता. कुठे रिकामं आहे एवढंच बघून धावायचं, हे त्यातून सिद्ध होत नाही. आणि भरताड झालंय असं वाटतं तिथेही जपून. ग्रीन बे पॅकर्सकडे २००५ मध्ये ब्रेट फार्व्हसारखा नावाजलेला क्वार्टरबॅक होता. तरी त्यांनी २४ व्या नंबरवर घसरत आलेला दुसरा क्वार्टरबॅक आरन रॉजर्स घेतला आणि तीन वर्षं बाकावर बसवला. त्या तीन वर्षांत हा पिक वाया गेला म्हणणाऱ्यांची कमी नव्हती. २०१० च्या सीझनअखेर त्याच रॉजर्सने त्यांना सुपर बोल जिंकून दिला.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. सर्वोत्तम कोण हे कळतं कोणाला? केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (हेच ते पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले) या दोघांनी ड्राफ्टचा अभ्यास केला. एकाच जागेवर खेळणारे, लागोपाठ निवडले गेलेले दोन खेळाडू घेतले, तर आधी निवडलेला नंतरच्यापेक्षा सरस ठरण्याची शक्यता निम्म्याहून थोडीच जास्त निघाली. म्हणजे जवळजवळ छापा-काटा. मग सर्वोत्तम वगैरे सोडा, निदान आपल्याला लागतं ते तरी घ्या, असं गरजवाले म्हणतात. ऐकायला पटतं. पण उलटून पाहा. आपला अंदाज इतका कच्चा असेल तर आपण पर्याय वाढवायला हवेत. ‘मला टॅकलच हवा’ म्हटलं की दोनशेतले पंचवीसच उरतात, त्यातले बरे तीन-चार, आणि त्या तीन-चारांतही छापा-काटाच. अज्ञानावर अरुंदपणा हा उपाय कसा काय? मॅसी-थेलर यांच्या अभ्यासातून सल्ला निघतो तो खाली जाण्याचा, जास्त पिक गोळा करण्याचा. बेंगल्सने ३८ वरून ४६ वर जाऊन दोन जादा पिक मिळवले, तो सौदा म्हणून योग्यच होता. घोळ झाला तो त्यानंतरच्या निवडीत, आणि मला राहून राहून वाटतं की तो घोळ गरजेच्या दबावाखालीच झाला. गुरुवारी चेसला घेतलंय, आता शुक्रवारी लाइनमन न घेऊन चालणारच नाही, असं वातावरण झालं होतं. तोवर बरेच लाइनमन निवडले जाऊन गेले होते. उरलेल्यांतला एक घ्यायचाच, एवढंच ठरलेलं.

(जाता जाता: त्याच ड्राफ्टमध्ये पाचव्या राउंडमध्ये बेंगल्सने चक्क किकर घेतला, एव्हान मॅक्फर्सन. त्यावर कोणी ना भांडलं ना नाचलं. टेनेसीला आणि मग कॅन्सस सिटीला हरवणारे शेवटचे फील्ड गोल त्यानेच मारले.)

डॅलसचं २०२१ चं उदाहरणही मजेदार आहे. त्यांना कॉर्नरबॅकची (रिसीव्हरना अडवणाऱ्या बचावपटूची) निकड होती आणि त्यांचा पिक दहावा. आठव्या आणि नवव्या नंबरवर दोन्ही नावाजलेले कॉर्नरबॅक गेले. हात चोळत त्यांनी ईगल्सशी सौदा केला, दोन घरं खाली गेले आणि मायका पार्सन्स घेतला. तो त्या वर्षीचा सर्वोत्तम बचाव रुकी ठरला. गरज भागवण्याचा रस्ता बंद झाला म्हणून नशीब उघडलं. अर्थात नववा गेलेला पॅट्रिक सर्टेनही पुढे थोर खेळाडू निघाला, तेव्हा या गोष्टीतून फार मोठं तत्त्व काढू नये. एवढंच कळतं की टीमला आपली निकड जितकी स्पष्ट दिसते तितकी ती भविष्याबद्दल काही सांगत नाही.

निकड तर घर बदलत राहते. बेंगल्सने २०२२ च्या मार्चमध्ये खरोखरच पैसे ओतून लाइनमध्ये तीन नवी माणसं आणली. पुढच्या जानेवारीपर्यंत पाचांतले तिघे जखमी होऊन बाहेर, आणि कॅन्सस सिटीतल्या एएफसी फायनलमध्ये, म्हणजे सुपर बोलच्या अलीकडच्या मॅचमध्ये, बरोला पुन्हा पाच सॅक. फ्री एजन्सी म्हणजे रामबाण नाही, हे मान्य. पण त्यापुढे २०२४ पाहा. बरोने त्या सीझनला ४३ टचडाउन फेकले. चेसने झेल, यार्ड आणि टचडाउन या तिन्हींत लीगमध्ये पहिला नंबर मिळवला. आणि टीम? बॉल्टिमोरकडून ४१-३८ आणि ३५-३४, पिट्सबर्गकडून ४४-३८ असे पराभव, शेवटी ९ विजय, ८ पराभव आणि प्लेऑफ नाही. या वेळी गळका होता बचाव. २०२१ मध्ये ज्यांना लाइनशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं त्यांनी त्या एप्रिलमध्ये हे भगदाड सांगितलं होतं का? सांगणं शक्यच नव्हतं. ड्राफ्टमध्ये घेतलेला माणूस चार-पाच वर्षं राहतो, आणि आपण त्याला निवडतो तो येत्या सप्टेंबरच्या यादीतली रिकामी ओळ बघून.

‘एक माणूस मिळाला की झालं’ या भावनेने एनएफएलमध्ये केवढं नुकसान केलंय ते मिनेसोटाला विचारा. व्हायकिंग्जची १९८९ मध्ये खात्री झाली होती की एक दमदार रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा) मिळाला की सुपर बोल आपलाच. त्यांनी हर्शेल वॉकरसाठी डॅलसला खेळाडू आणि ड्राफ्ट पिकांची रास दिली. वॉकर असेपर्यंत व्हायकिंग्ज प्लेऑफमध्ये एक मॅच जिंकू शकले नाहीत. डॅलस त्या वर्षी १६ पैकी एकच मॅच जिंकलं होतं, म्हणजे गरजांची यादी करायची तर कागद पुरला नसता. त्यांनी आपला सगळ्यांत चांगला खेळाडू विकला आणि संधी विकत घेतल्या. नव्वदच्या दशकात त्यांनी तीन सुपर बोल जिंकले. ‘एक माणूस कमी आहे’ हे वाक्य ड्राफ्टच्या आठवड्यात दरवर्षी कोणीतरी म्हणतंच, आणि मला दर वेळी वॉकर आठवतो.

मग चाहत्यांनी वाद घालूच नयेत का? जरूर घालावेत, त्यात अर्धी मजा आहे. दोन खेळाडू खरोखर उन्नीस-बीस असतील तर गरजेकडे बघून एक निवडावा, याला माझी काही हरकत नाही. क्वार्टरबॅक नसेल तर बाकी सगळे हिशेब बाजूला ठेवावेत, यालाही नाही. पण बेंगल्सवाल्यांनी आता तरी पाचव्या पिकचा कोळसा उगाळणं थांबवावं, कारण परिस्थिती पार बदलली आहे. चेस पहिली चार वर्षं मिळून सुमारे तीन कोटी डॉलरमध्ये खेळला. २०२५ च्या मार्चमध्ये त्याला चार वर्षांचे १६ कोटी १० लाख मिळाले, हिगिन्सला ११ कोटी ५० लाख. त्याआधी २०२३ मध्ये बरोशी पाच वर्षांचा २७ कोटी ५० लाखांचा करार झालेला आहे. तिघांत एवढी कॅप गेल्यावर लाइन काय आणि बचाव काय, मार्चमध्ये पैसे टाकून भगदाडं बुजवायची सोय आटलेली आहे. उरलेली पन्नास माणसं बहुतांशी स्वस्तातली, म्हणजे दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या राउंडमधलीच असावी लागणार. हम्फ्री ६३ वर, सेंट ब्राउन ११२ वर, स्मिथ २२६ वर सापडला. सिनसिनाटीच्या ऑफिसला असे लोक का सापडत नाहीत, तिथे खेळाडू हेरणारी माणसं पुरेशी आहेत का, त्यांचं कोण ऐकतं, आणि सलग चार-पाच वर्षं शुक्रवार-शनिवारचे पिक फुकट गेले तर त्याचा जाब कोणाला विचारायचा, यावर भांडायची कोणाची तयारी असेल तर येत्या गणपतीत मी मोदक गार होऊ द्यायला तयार आहे.